तंबाखू सोडण्यासाठी फोन लावताय? आधी ही तयारी करा

तंबाखूच्या पुडीवर त्या भयंकर चित्रासोबत, तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा एक नंबर छापलेला असतो: १८००-११२-३५६. हा नंबर लावून पाहिलेली माणसं मला बरीच भेटतात, आणि बहुतेकांची गोष्ट एकच असते. तलफ अनावर झाली तेव्हा घाईघाईत फोन लावला. पलीकडून चार प्रश्न आले, त्यांची उत्तरं धड देता आली नाहीत. ‘बरं, बघतो’ म्हणून फोन ठेवला. दोन-तीन दिवसांनी अनोळखी नंबरावरून फोन आला, तो उचललाच नाही. आणि मग सगळ्यांना सांगायला मोकळे, की फोन करून काही होत नाही.

मी १७ वर्षं चुना-तंबाखू खाल्ली. पहिला फोन मीही असाच वाया घालवला. दुसऱ्यांदा वहीत लिहून, तारीख ठरवून फोन केला आणि तेव्हा सुटली. फोनवरचं माणूस तेच काम करत होतं, फरक माझ्या तयारीत होता. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका. फोन चौथ्या टप्प्यावर आहे, पहिल्या नाही.

टप्पा १: तीन दिवस नुसतं मोजा

या तीन दिवसांत तंबाखू सोडायची नाही, कमीही करायची नाही. एक छोटी वही किंवा मोबाइलमधली नोंद उघडा आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी टिपा: किती वाजले, काय खाल्लं, किती वेळ तोंडात धरलं, आणि त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं. माझ्या वहीचं पहिलं पान असं होतं:

६:१० – उठल्या उठल्या, संडासला जायच्या आधी.
८:४५ – चहा झाल्यावर.
१०:०० – शेजारच्याने मळून हातावर दिली.
११:३० – काही कारण नाही, हात खिशात गेला.

शेवटची ओळ लिहिताना मला पहिल्यांदा कळलं, की दिवसातल्या निम्म्या चिमटींना कारणच नव्हतं.

मावा किंवा खर्रा खात असाल तर नुसत्या पन्न्या मोजू नका, एका पन्नीचे किती तोबरे होतात तेही लिहा. मशेरीच्या बाबतीत एक वेगळीच अडचण येते. मशेरी लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर ‘नाही, नुसती मशेरी लावते’ असं उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दिवसातून किती वेळा लावता आणि किती मिनिटं तोंडात ठेवता, ते टिपा. तपकीर आणि गुल यांनाही हेच लागू.

सोबत या चार प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा:
– झोपेतून उठल्यावर पहिली किती मिनिटांत लागते?
– थुंकी गिळता का?
– तापाने अंथरुणावर पडलात तरी लागते का?
– रात्री गालात धरून झोपता का?

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर शरीराला निकोटिनची सवय खोलवर गेली आहे. अशा माणसाला नुसता निर्धार बहुधा पुरत नाही. औषधाची मदत लागू शकते, आणि ते फोनवर सांगता यायला हवं.

*तपासा:* वही न बघता दिवसातल्या सगळ्यात अवघड तीन वेळा सांगता येतात का? येत नसतील तर आणखी दोन दिवस मोजा.

टप्पा २: तोंड दाखवून घ्या

फोनवरच्या समुपदेशकाला तुमचं तोंड दिसत नाही. आरशासमोर उजेडात उभं राहा. गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि जिथे चिमूट धरता ती जागा नीट पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, गाठ, तिखट लागताच आग होणं, यातलं काहीही असेल तर आधी दाताच्या डॉक्टरांकडे जा. मग तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय, आणि हे मावा, खर्रा, गुटखा खाणाऱ्यांत नेहमी दिसतं.

तोंड आखडण्यामागे मुख्य हात सुपारीचा असतो. ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो’ असं अभिमानाने सांगणारे खूप भेटतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४मध्येच सुपारीला, तंबाखू नसली तरी, कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. तेव्हा सोडायची ती दोन्ही, एकाच दिवशी.

डॉक्टरांकडे जायचं दुसरं कारण दातदुखी. कित्येकांची, विशेषतः मशेरीवाल्यांची, सवय दुखऱ्या दातापासूनच सुरू झालेली असते. तंबाखूने दुखणं दबतं, सोडली की तिसऱ्या दिवशी दाढ ठणकायला लागते आणि माणूस परत डबी उघडतो. दाढेचं काम आधी करून घ्या. सरकारी दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात गेलात तर तिथल्या तंबाखूमुक्ती केंद्राचीही चौकशी करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

टप्पा ३: तारीख ठरवा

आजपासून दोन आठवड्यांच्या आतली तारीख. घरात लग्न, पोळा, यात्रा, ऊसतोडीची धावपळ असेल तो आठवडा टाळा. पण ‘सगळं सुरळीत झालं की’ अशी तारीख कॅलेंडरात नसते, हेही लक्षात असू द्या.

हळूहळू कमी करायची की एकदम बंद? माझं मत स्पष्ट आहे: बंद एकदम करायची, पण ठरलेल्या दिवशी. तोपर्यंत एवढंच करा की सकाळची पहिली चिमूट रोज थोडी पुढे ढकला. आज चहानंतर, उद्या न्याहारीनंतर, परवा कामावर पोचल्यावर. तारीख न ठरवता ‘कमी करतोय’ म्हणणारी माणसं पाच-पाच वर्षं कमीच करत राहतात.

टप्पा ४: फोन लावा

१८००-११२-३५६ या नंबराला पैसे पडत नाहीत. सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात तो चालू असतो, सोमवारी बंद. ‘लावला, कुणी उचलला नाही’ अशी तक्रार करणाऱ्याला मी आधी विचारतो, कोणत्या वारी लावला होता?

ही सेवा दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली सुरू झाली. २०१८पासून बंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था, गुवाहाटीची बरुआ कर्करोग संस्था आणि मुंबईचं टाटा मेमोरियलही तिच्यात आहेत. सुरुवातीलाच मराठीत बोलायचं आहे असं सांगा. मोडक्या हिंदीत आपली सवय समजावून सांगताना निम्मं राहून जातं.

फोन कुठून करता, हेही महत्त्वाचं. टपरीसमोर उभं राहून किंवा चारचौघांत करू नका. पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेवा, वही समोर घ्या, मोबाइल चार्ज असू द्या. घरात एकच फोन असेल आणि तो मुलाकडे किंवा नवऱ्याकडे राहत असेल, तर नंबर देतानाच सांगा की पुढचा फोन कोणत्या वेळी करावा आणि दुसऱ्याने उचलला तर काय सांगावं. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या किती तरी बायकांनी सासरी हे लपवलेलं असतं. त्यांच्यासाठी हे एक वाक्य बोलणं फार गरजेचं आहे.

बोलायला काय सुरुवात करावी, असं अडत असेल तर हे असं:

‘नमस्कार. मी बारा वर्षं खर्रा खातो. दिवसाला पाच पन्न्या, उठल्यावर दहा मिनिटांत पहिली. थुंकी गिळतो. आधी दोनदा सोडला होता, एकदा वीस दिवस टिकलं, भावाच्या लग्नात परत सुरू झालं. पुढच्या गुरुवारी बंद करायचं ठरवलंय. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. सकाळी पोट साफ होणार नाही, याची सगळ्यात जास्त भीती वाटते.’

एवढं एका दमात सांगितलंत, की समोरच्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही. मग तो तुमच्या अवघड वेळांवर बोलू शकतो, आणि फोनचा खरा उपयोग तिथेच आहे. गरोदरपण, अंगावर पाजणं, हृदयविकार, मधुमेह, चालू असलेली औषधं, यातलं काहीही लपवू नका. प्रमाणही कमी करून सांगू नका. तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, आणि कुणी रागावणारही नाही.

फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: पुढचा फोन कधी येणार, कुठल्या नंबरावरून येऊ शकतो, आणि मधेच अडलं तर काय करायचं.

बोलायचं धाडस होत नसेल तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या. नोंदणी झाली की मोबाइलवर संदेश येत राहतात. साधा फोन असला तरी चालतं. पण जास्त सवय असलेल्यांनी नुसत्या संदेशांवर भिस्त ठेवू नये, असं माझं मत आहे. संदेश आठवण करून देतो, पण तुमचं ऐकून घेत नाही.

*सावध:* या सेवेत कुणीही पैसे, बँकेची माहिती किंवा ओटीपी मागत नाही. मागितला तर फोन ठेवा. इंटरनेटवर ‘घरच्यांनी चहात टाका, त्याला कळणारही नाही’ म्हणून विकली जाणारी पावडर घेऊ नका. तिच्यात काय आहे ते पाकिटावर नसतं, आणि माणसाला न सांगता औषध देणं हा त्याचा विश्वासघात आहे.

टप्पा ५: आदला दिवस

घरभर शोधा. शर्टाचे खिसे, गाडीची डिकी, उशीखाली, देवळीत, गोठ्यात, कामावरच्या कप्प्यात. तंबाखू, सुपारी आणि चुन्याची डबीही टाका. ‘चुना राहू दे, त्यात काय’ असं वाटतं, पण डबी हातात आली की अंगठा आपोआप तळहातावर फिरायला लागतो. कुणाला देऊन टाकू नका. मागायला जाणं सोपं होतं.

त्याच खिशात, त्याच चंचीत आता बडीशेप, ओवा, लवंग, भाजलेलं जवस किंवा फुटाणे भरा. जागा तीच ठेवा, कारण हात तिथेच जाणार आहे. सुगंधी सुपारी किंवा सुपारी असलेला मुखवास चालणार नाही, पाकीट वाचून घ्या. मधुमेह असेल तर तोंडात सतत गोळ्या-चॉकलेट ठेवू नका.

आपल्याकडे तंबाखू एकट्याने कमी आणि चौघांत जास्त खाल्ली जाते. कुणी हात पुढे केला की ‘सोडली’ म्हणू नका. मग ‘किती दिवस? बघू की!’ सुरू होतं. ‘डॉक्टरांनी बंद केलीय, तोंड दाखवलंय’ म्हणा. तोंड खरंच दाखवलेलं असल्यामुळे हे खोटंही नसतं. ज्या एका सोबत्याबरोबर सगळ्यात जास्त खाता, त्याला मात्र आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा, की महिनाभर माझ्यासमोर मळू नकोस.

टप्पा ६: पहिले तीन दिवस, मग पहिले तीन आठवडे

शेवटच्या चिमटीनंतर काही तासांतच बेचैनी सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, डोकं जड, झोप उडणं, कामात लक्ष न लागणं, सारखी भूक, हे सगळं अपेक्षित आहे. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, की आठवडाभर माझं बोलणं मनावर घेऊ नका.

तलफ आली की घड्याळ बघा. ती काही मिनिटं जोरात येते आणि तुम्ही काही न करताही उतरते. तेवढ्या वेळात जागा सोडा, घोट-घोट पाणी प्या, दहा वेळा सावकाश श्वास घ्या, कुणाला तरी फोन लावा. ‘आयुष्यभर कसं राहणार’ हा विचार तेव्हा करायचाच नाही. घड्याळाचा काटा थोडा पुढे जाईपर्यंत तग धरायचा, बस.

पोटाचं काय? या एका कारणाने जितकी माणसं परत फिरतात तितकी दुसऱ्या कशाने फिरत नसतील. निकोटिनने आतडी हलायची, ते बंद झालं की ती काही दिवस सुस्तावतात. आदल्या रात्रीपासून तयारी करा: जेवणात पालेभाजी आणि भाकरी, झोपताना भरपूर पाण्यातून इसबगोल, सकाळी दोन तांबे कोमट पाणी, दहा मिनिटं चालणं, आणि रोजच्या वेळेला जाऊन बसणं, होवो न होवो. शरीर दोन-तीन आठवड्यांत वळणावर येतं. चार दिवस काहीच झालं नाही किंवा पोट दुखायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा.

शेतात किंवा बांधकामावर जाणाऱ्यांची अडचण भुकेची असते. उपाशीपोटी निघायचं आणि तंबाखूवर दुपार काढायची, अशी वर्षांची सवय. न्याहारी केल्याशिवाय घर सोडू नका. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी पहिला आठवडा शक्य असेल तर दिवसपाळी मागून घ्यावी. झोप उडवायला तंबाखू नसेल तेव्हा झोप खरंच येते, आणि ती स्टिअरिंगवर येणं धोक्याचं आहे.

तलफ भागवायला औषध म्हणून निकोटिनचं च्युइंगम घेत असाल तर ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळायचं नसतं, आणि गुटखा खाणारे नेमके तेच करतात. चार-पाच वेळा सावकाश चावा. तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबा, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवा. चव गेली की परत सावकाश चावा, दुसऱ्या बाजूला ठेवा. असं साधारण अर्धा तास. सलग चघळलं तर निकोटिन पोटात जातं. मग उचकी, मळमळ, जळजळ होते आणि ‘मला सोसत नाही’ म्हणून डबा फेकला जातो. च्युइंगम तोंडात टाकण्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू-सरबत घेऊ नका, नाहीतर औषध नीट लागू पडत नाही.

किती मिलिग्रॅमचं आणि दिवसाला किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. जवळ डॉक्टर नसेल तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर घरबसल्या विचारता येतं. तोंड उघडत नसेल, तोंडात व्रण असतील तर च्युइंगमऐवजी त्वचेवर लावायची पट्टी मिळते. गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्यांनी आणि नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेल्यांनी डॉक्टरांशिवाय यातलं काहीच सुरू करू नये. आणि च्युइंगम चालू असताना तंबाखू अजिबात नाही.

*तपासा:* तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वही उघडा. पहिल्या टप्प्यातल्या तीन अवघड वेळांपैकी कोणती अजून अवघड आहे? पुढच्या फोनवर तेवढ्याच वेळेबद्दल बोला.

रात्री ८ नंतर किंवा सोमवारी मन फार खचलं, उदास वाटलं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा, नंबर चोवीस तास चालू असतो. तो खास तंबाखूसाठी नाही, पण अशा रात्री बोलायला तिथे माणूस असतं.

टप्पा ७: येणारा फोन उचला

ठरलेल्या तारखेनंतर समुपदेशक स्वतःहून फोन करतात. माझ्या मते या सगळ्या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि सगळ्यात जास्त वाया जातो तोही हाच. अनोळखी नंबर बघून कुणी कट करतं, कुणाच्या मोबाइलवर तो जाहिरातीचा समजून आपोआप अडतो. पहिला फोन आला की नंबर नावानिशी साठवा. मोबाइलमध्ये अनोळखी नंबर अडवायची सोय चालू असेल तर महिनाभर बंद ठेवा. फोन चुकला तर वाट बघत बसू नका, स्वतः १८००-११२-३५६ लावा आणि आधीची नोंद आहे असं सांगा.

सगळं छान चाललं असेल तरी उचला. ‘आता कशाला त्रास द्यायचा’ असं वाटतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यात, आणि माझ्या ओळखीतले कित्येकजण महिना-दीड महिन्याच्या आसपासच घसरले. तोवर त्रास संपलेला असतो आणि ‘एक खाऊन बघू, आता काही होत नाही’ असा विश्वास आलेला असतो. लग्नकार्य, मयत, गावाकडची जत्रा असं काही पुढे असेल तर त्याची तारीख समुपदेशकाला आधी सांगून ठेवा.

टप्पा ८: घसरलात तर

एक चिमूट खाल्ली म्हणजे सगळं गेलं, असं धरून उरलेली पुडी संपवणं ही शेवटची आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. तोंडातली थुंका, चूळ भरा, उरलेली पुडी तिथेच मातीत पालथी करा. नवी तारीख शोधू नका, पुढचा तास हीच तारीख. मग वहीत लिहा: किती वाजता, कुठे, कुणाबरोबर, आधी काय झालं होतं.

आणि फोन करा. लाज वाटते म्हणून लोक नेमके इथे फोन टाळतात. बोलायचं एवढंच: ‘काल संध्याकाळी सहाला एक खाल्ली, साडूच्या घरी, जेवण झाल्यावर. त्यानंतर नाही. रविवारी परत तिथेच जायचंय, काय करू?’ या प्रश्नावर समुपदेशक तुमच्याबरोबर बसून रविवारचा बेत आखू शकतो. सोमवार असेल तर वही उशाशी ठेवून झोपा, मंगळवारी सकाळी ८ वाजता लाइन सुरू होते.